पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर बसवताना अर्ज नेमका कुठे अडतो

गाडीची चावी मिळते त्याच आठवड्यात भिंतीवरच्या चार्जरचं खोकंही घरी येऊन पडतं. मग तो बसवणारा माणूस येतो, मीटर रूममध्ये डोकावतो, "आधी लोड वाढवून घ्या, अर्थिंग पण करून घ्या" म्हणतो आणि निघून जातो. खोकं पलंगाखाली जातं. आमच्या आणि आसपासच्या सोसायट्यांमधल्या बऱ्याच जणांचे चार्जिंगच्या वीज जोडणीचे अर्ज भरताना मी सोबत बसलो आहे. चार्जर चुकीचा निवडला म्हणून अडलेला माणूस क्वचितच भेटला. बाकी सगळे कागदापाशी अडले. म्हणून खरेदीची घाई नको. चार्जर सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे.

मुळात नवं मीटर हवंच का?

रोज चाळीसेक किलोमीटर फिरणाऱ्या कारला साधारण सहा-सात युनिट लागतात. १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालणारा ३.३ किलोवॅटचा चार्जर तेवढं दोन-अडीच तासांत भरून देतो. ७.२ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो. तो रोज लांबचं अंतर कापणाऱ्यांना किंवा घरात दोन गाड्या असलेल्यांना हवा. तरी शोरूममध्ये दाखवला म्हणून लोक तोच मागतात आणि लोडच्या फेऱ्यात सापडतात.

घरच्या सध्याच्या मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं परवानगी देतात, आणि वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकानुसार अशा विजेला घरगुती दरच लागतो. फक्त बिलावरचा 'मंजूर भार' हा रकाना बघा, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे ते. तिथे २ किंवा ३ किलोवॅट असेल तर गीझर आणि गाडी एकदम चालणार नाहीत; भारवाढीचा अर्ज करावाच लागेल. ७.२ किलोवॅटसाठी तर बहुतेक वेळा तीन फेजचं मीटर घ्यायला सांगतात. दुसरी गोष्ट स्लॅबची. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. घरात दोनशे युनिट जळत असतील आणि गाडीने १७० घेतले, तर तीनशेच्या वरचे सत्तर महागात पडतात. हे गणित मांडल्याशिवाय "वेगळं मीटर स्वस्त" हे कुणाचं ऐकू नका, कारण वेगळ्या मीटरला स्थिर आकारही वेगळा लागतो.

पार्किंगचं पत्र, जे कुणाकडेच नसतं

वेगळं मीटर घ्यायचं ठरलं तर ओळखपत्र, इंडेक्स-२ (घराच्या नोंदणीचा उतारा) किंवा मालमत्ता कराची पावती, जुनं बिल, नव्या जोडणीचा ए-१ अर्ज आणि परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंग तपासल्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. हे सगळं जमतं. जमत नाही ते एकच: ज्या जागेत मीटरची वायर जाणार, ती जागा तुमची असल्याचा कागद.

लोक बिल्डरसोबतचा करारनामा पुढे करतात, त्यात 'एक स्टिल्ट पार्किंग' (इमारतीखालच्या खांबांमधली जागा) लिहिलेलं असतं. पण बिल्डरला स्टिल्ट किंवा मोकळं पार्किंग वेगळं विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दिला आहे. ती जागा सोसायटीची सामाईक. शेअर सर्टिफिकेटवर पार्किंगचा नंबर नसतो. त्यामुळे वीज कंपनीच्या काउंटरवरचा माणूस सोसायटीचं वाटपपत्र मागतो, आणि बहुतेक सोसायट्यांनी ते कधी दिलेलंच नसतं. वीस वर्षं सगळं 'ती जोशींची जागा' एवढ्यावर चाललेलं असतं.

सोसायटीचं ना-हरकत पत्रही लागतं. ते 'आमची हरकत नाही' अशा एका ओळीचं आणलं तर ते परत येण्याची चांगलीच शक्यता. त्यात सभासदाचं नाव बिलावर किंवा इंडेक्स-२ वर आहे अक्षरशः तसंच हवं. फ्लॅट आणि पार्किंगचा क्रमांक, मीटर कुठे बसणार, केबल कोणत्या भिंतीने जाणार, खर्च कुणाचा, समितीच्या ठरावाची तारीख, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आणि गोल शिक्का हेही हवं. नाव हा खास काट्याचा विषय आहे. मीटर अजून वडिलांच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर आधी नावबदल उरका. दोन्ही अर्ज एकदम टाकून वेळ वाचत नाही, दोन्ही अडकतात.

दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पार्किंग वाटणाऱ्या सोसायट्यांत तर वैयक्तिक मीटरचा हट्ट धरूच नका. पुढच्या वर्षी तुमची जागा लिफ्टमागे गेली तर मीटर कुणाचं, यावर मी प्रत्यक्ष भांडणं पाहिली आहेत. तिथे सोसायटीच्या नावाने एक जोडणी आणि प्रत्येकाच्या वापराची वेगळी नोंद हाच मार्ग सोयीचा. भाडेकरूंनी घरमालकाचं संमतीपत्र सोबत जोडावं.

समिती तोंडी 'नाही' म्हणते, तेव्हा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट. मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. पोच नसेल तर तिथेही तुम्हाला परत पाठवतील.

"एका घराला दुसरं मीटर मिळत नाही"

हे वाक्य खिडकीवर हमखास ऐकू येतं. थकबाकीदार दुसरं मीटर घेऊन पळवाट काढतात, म्हणून ही सवय पडली असावी; पण इथे ती लागू नाही. वीज ग्राहक हक्क नियम, २०२० मध्ये फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली आणि गाडीच्या चार्जिंगसाठी मागितल्यास वेगळी जोडणी देण्याची तरतूद आली. त्या दुरुस्तीची छापील प्रत सोबत ठेवा. वाद घालण्यापेक्षा कागद सरकवणं लवकर काम करतं. कोटेशन (वीज कंपनीने सांगितलेला जोडणीचा खर्च) भरण्याआधी जोडणी कोणत्या दराच्या वर्गवारीत देताय, तेही लेखी विचारा.

त्याच दुरुस्तीतली जोडणी देण्याची मुदत लोक चुकीची वाचतात. महानगरात तीन दिवस, इतर पालिका क्षेत्रांत सात, ग्रामीण भागात पंधरा. चौथ्या दिवशी तावातावाने ऑफिसात जाणारे मी पाहिले आहेत. हे दिवस अर्ज सर्व कागदांसह पूर्ण झाल्यापासून मोजतात, ऑनलाइन बटण दाबल्यापासून नाही. एक त्रुटी निघाली की मोजणी थांबली. नवी लाइन टाकायची किंवा ट्रान्सफॉर्मर वाढवायचा असेल तर ही मुदत लागूच होत नाही. त्यामुळे त्रुटी आहे का, हे स्वतः रोज पोर्टलवर बघा. एसएमएसची वाट पाहू नका.

वायरमन काय आणतो, त्यावर डोळा ठेवा

इथे मात्र कागद बाजूला ठेवा, कारण यात जीव जाऊ शकतो.

मीटर रूम ते पार्किंग अंतर पन्नास मीटर सहज भरतं. ३२ अँपिअरला तांब्याची ४ चौरस मिलिमीटर वायर टाकली तर एवढ्या अंतरात जवळपास १५ व्होल्ट वाटेतच जातात, वायर तापते. ६ ची टाकली तर दहा, १० ची टाकली तर सहाच्या आसपास. लांब अंतराला १० चीच घ्या. चार्जरला स्वतंत्र एमसीबी (जास्त प्रवाह गेला की पडणारा स्विच) आणि स्वतंत्र सर्किट हवं. पार्किंगच्या दिव्यांच्या लाइनमधून जोड नको.

आरसीसीबी (वीज गळली की लगेच पडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा हवा, आणि 'टाइप ए'. दुकानात स्वस्त मिळतो तो 'टाइप एसी', आणि वायरमन न विचारता तोच आणतो. गाडीचा चार्जर आतमध्ये एसीचं डीसी करतो. त्यातून गळणारा डीसी-मिश्रित प्रवाह टाइप एसीला नीट कळत नाही. डबीवर नुसती नागमोडी रेघ असेल तर तो टाइप एसी. तिच्याखाली तुटक टेकड्यांसारखी दुसरी खूण असेल तर टाइप ए.

अर्थिंगचं तर काय सांगावं. जुन्या इमारतींतला अर्थिंगचा खड्डा फरशीखाली गाडला गेलेला असतो. चार्जर लाल दिवा लावून थांबतो आणि कुणीतरी हुशार माणूस न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून दिवा हिरवा करून देतो. त्यानंतर वाटेत न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरते. असं करू देऊ नका, नवा खड्डा घ्या, आणि अर्थिंगचं रीडिंग टेस्ट रिपोर्टमध्ये लिहून मागा. न तपासता शिक्का मारून दिलेला रिपोर्ट तुमच्या काहीच कामाचा नाही.

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार चार्जिंगसाठी एक्स्टेंशन बोर्ड आणि अडॅप्टर दोन्ही चालत नाहीत, सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच हवं. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी साचत असेल तर आणखी वर घ्या. आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून स्कूटरसाठी वायर सोडणाऱ्यांनो, बॅटरी काढता येत असेल तर वर न्या हो.

अर्ज विनाकारण अडवला तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद नाही मिळाली तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यापुढे मुंबई किंवा नागपूरचे विद्युत लोकपाल. वकील लागत नाही. पोच आणि तारखा लागतात.

मीटर लागल्यावर पहिलं बिल येईल. त्यावरचा मंजूर भार आणि वर्गवारी कोटेशनशी ताडून बघा. चूक असेल तर त्याच महिन्यात लेखी कळवा.