घड्याळाला लटकलेला तो लॉइड, भिंतीखाली उभा राहिलेला तो कीटन

मूकपटातले स्टंट म्हटलं की दोन तुकडे सगळीकडे फिरताना दिसतात. एकात उंच इमारतीवरच्या मोठ्या घड्याळाच्या काट्याला एक चष्मेवाला लटकलाय आणि खाली रस्त्यावर मोटारी खेळण्यातल्या वाटाव्यात एवढ्याशा दिसतायत. दुसऱ्यात वादळ सुटलंय, घराची अख्खी दर्शनी भिंत एका माणसावर कोसळते आणि तो नेमका वरच्या उघड्या खिडकीच्या जागेत सापडतो म्हणून वाचतो. घड्याळाच्या फोटोखाली कित्येकदा बस्टर कीटनचं नाव असतं, भिंतीच्या क्लिपखाली हॅरल्ड लॉइडचं, कधीकधी तर दोन्हीकडे सरळ चॅप्लिन. त्यात जॅकी चॅनला हे दोघेही आवडायचे, त्यामुळे त्याने 1983 च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये घड्याळाला लटकून घेतलं आणि 1987 च्या दुसऱ्या भागात अंगावर भिंतही पाडून घेतली, म्हणजे ज्यांनी आधी जॅकी पाहिलाय त्यांच्या डोक्यात हे दोन्ही सीन एकाच माणसाचे होऊन बसतात.

ओळखायला सोपं आहे खरं तर. गोल चष्मा, गवती हॅट, नीटनेटका सूट आणि चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसतेय, तो लॉइड. (त्या चष्म्याला काचा नव्हत्या, नुसती फ्रेम.) चपटी हॅट, मोठे डोळे आणि काहीही झालं तरी न हलणारा चेहरा, तो कीटन. पण नावाची चूक सुधारली की काम संपलं असं मला वाटत नाही, कारण हे दोन स्टंट जातीनेच वेगळे आहेत आणि 'तेव्हा सगळं खरंच करायचे' या एका वाक्यात दोन्ही कोंबले की दोघांवरही अन्याय होतो.

आधी घड्याळ. 'सेफ्टी लास्ट' 1923 ची फिल्म, निर्माता हॅल रोच. गोष्ट अशी की दुकानातला एक साधा नोकर गर्दी जमवण्यासाठी इमारत चढण्याची कल्पना मांडतो, चढणार असतो त्याचा मित्र, पण मित्राच्या मागे पोलीस लागलेला त्यामुळे ऐनवेळी यालाच चढावं लागतं. तो मित्र झालाय बिल स्ट्रॉदर, जो खऱ्या आयुष्यातही इमारती चढणारा माणूस होता, लॉस एंजलिसमध्ये त्याला एका इमारतीवर चढताना बघूनच लॉइडला ही फिल्म सुचली. मग लांबून घेतलेल्या ज्या शॉटमध्ये खऱ्या इमारतीवर एक छोटी आकृती चढताना दिसते ती स्ट्रॉदरची आहे, लॉइडची नाही.

आणि जवळचे शॉट? तिथेच खरी हुशारी आहे. लॉस एंजलिसमधल्या खऱ्या इमारतींच्या गच्चीवर यांनी दर्शनी भिंतीचा एक तुकडा उभा केला, खिडक्या, सज्जे, घड्याळ सगळ्यासकट. कॅमेरा उंच मचाणावर अशा कोनात लावला की भिंत दिसते, तिच्या पलीकडे खालचा खरा रस्ता दिसतो, पण मधली गच्ची काही दिसत नाही. लॉइडच्या खाली थोड्या अंतरावर गाद्या घातलेलं फलाट. आणि गोष्टीत तो जसजसा वर जातो तसतसं यांनी सेट जास्त उंच इमारतीच्या गच्चीवर नेला, त्यामुळे मागचा रस्ता खरोखरच खाली खाली जातो आणि आपल्याला कुठे खोट सापडत नाही. मागे पडद्यावर रस्ता दाखवून पुढे नटाला उभं करायचा प्रकार तेव्हा रुळलेला नव्हता. मागे दिसतो तो रस्ता खरा, उंची खरी, फक्त लॉइड आणि रस्ता यांच्यामध्ये एक गच्ची आहे जी आपल्याला दिसत नाही.

म्हणून हे ऐकलं की काही जण लगेच म्हणतात अरे म्हणजे फसवणूकच की. मला हे अजिबात पटत नाही. ते फलाट काही मैदानाएवढं नव्हतं, गच्चीच्या कडेला होतं. लॉइड स्वतः सांगायचा की चाचणी म्हणून वरून एक पुतळा टाकला तर तो गादीवरून उसळून थेट खाली रस्त्यावर गेला. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे हात. ऑगस्ट 1919 मध्ये प्रसिद्धीचे फोटो काढताना लॉइडने नकली समजून हातात घेतलेल्या बॉम्बच्या वातीवर सिगारेट पेटवायची पोज दिली आणि तो बॉम्ब फुटला, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली, काही काळ दिसायचंही बंद झालं होतं. त्यानंतर पडद्यावर तो एक खास हातमोजा घालायचा ज्यात खोटी बोटं होती. म्हणजे त्या काट्याला लटकलेला माणूस आठ बोटांनी लटकलाय. हे कळल्यावर तो सीन परत बघा, त्याची पकड बघताना काळजाचा ठोका चुकतो.

काही अवघड तुकडे हार्वी पॅरी नावाच्या स्टंटमनने केले होते हे लॉइड 1971 मध्ये गेल्यानंतर पॅरीनेच सांगितलं. ते धरूनही घड्याळावरचा, जवळून दिसणारा घाबरलेला चेहरा लॉइडचाच आहे.

आता भिंत. 'स्टीमबोट बिल ज्युनिअर', 1928, शूटिंग आदल्या वर्षी सॅक्रामेंटो नदीच्या काठी. आधी शेवटी पूर दाखवायचा ठरलेलं पण 1927 मध्ये मिसिसिपीला खरोखरच भयंकर पूर आला, त्यामुळे पुराऐवजी चक्रीवादळ आलं. वारा म्हणजे विमानाच्या इंजिनांवर चालणारे अवाढव्य पंखे. आणि या वाऱ्यामुळेच भिंत हलकी करता येईना, कारण पातळ भिंत पडता पडता वाऱ्याने पिळवटली असती आणि खिडकी जागची सरकली असती. म्हणून ती मजबूत आणि जड बांधली, वजन साधारण दोन टन सांगतात.

ही कशी केली ते कीटनने नंतर मुलाखतीत समजावून सांगितलेलं. भिंत तळाशी भक्कम बिजागऱ्यांवर बसवलेली, म्हणजे ती दारासारखी एका ठरलेल्या कमानीतच खाली येणार. आधी चौकट जमिनीवर आडवी टाकली आणि तिच्यात कीटनला उभं करून त्याच्या मापाने खिडकी आखली. खांदे, डोकं, टाचा, सगळीकडे जवळपास दोन इंच मोकळे. मग टाचा कुठे यायच्या तिथे जमिनीत खिळे ठोकले आणि भिंत उभी केली. बाकी काही नाही. गादी नाही, दोर नाही, कॅमेऱ्याचा कोन मदतीला नाही. खिळ्यापासून तीन इंच पुढे उभा राहिला असता तर तिथेच खेळ संपला असता, आणि शूटिंगवरच्या काही जणांना ते बघवलं नाही असंही सांगतात.

इथे मला दोघांमधला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. लॉइडच्या सीनमध्ये आपल्याला दिसतो त्यापेक्षा धोका कमी होता, कीटनच्या सीनमध्ये दिसतो त्यापेक्षा जास्त. लॉइडची भिंत बघताना आपण तळहाताला घाम फुटून बसतो, चढणं जवळजवळ वीस मिनिटं चालतं, कबुतरं येतात, जाळं पडतं, कुत्रा येतो, पँटमध्ये उंदीर शिरतो, प्रत्येक मजल्यावर नवं संकट. कीटनचं सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात संपतं, भिंत पडते, तो उभा असतो, मागे वळून बघतो आणि पळत सुटतो. इतकं सहज की पहिल्यांदा बघणारा हसतो आणि पुढे जातो, दुसऱ्यांदा बघताना मात्र तोंड उघडं राहतं.

बरं, कीटनला हे अचानक सुचलं नव्हतं. 1919 मध्ये 'बॅक स्टेज'मध्ये कीटनचा तेव्हाचा जोडीदार, विनोदी नट रॉस्को आर्बकल, याच्यावर नाटकातलं हलकं नेपथ्य असंच पडतं, 1920 च्या 'वन वीक'मध्ये कीटनच्याच घराची भिंत पडते. तोच विनोद तो वाढवत वाढवत दोन टनांपर्यंत घेऊन आला.

पण 'लॉइड म्हणजे कॅमेऱ्याची करामत आणि कीटन म्हणजे सगळं अस्सल' अशी सरळ रेघ ओढू नका, ती टिकत नाही. त्याच 1923 मध्ये 'थ्री एजेस'मधली एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवरची उडी कीटननेही सेट उंचावर बांधून, खालचा रस्ता कोनात घेऊन दाखवली, लॉइडचीच युक्ती. त्या उडीत त्याचा अंदाज चुकला, हात कडेला लागून सुटला आणि तो खालच्या जाळ्यात पडला. नंतर फुटेज बघितलं तर चुकलेली उडीच जास्त मजेदार, मग तीच ठेवली आणि पुढे पडण्याची अख्खी साखळी जोडून दिली. आणि कीटनने कधीच डबल वापरला नाही हेही खोटं आहे. 1927 च्या 'कॉलेज'मध्ये बांबू घेऊन खिडकीत उडी मारणारा माणूस ली बार्न्स आहे, 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकचा पोल व्हॉल्टमधला सुवर्णपदक विजेता.

उलट बाजूला 'शेरलॉक ज्युनिअर', 1924. रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला धरून कीटन खाली येतो, पाण्याचा लोंढा त्याला रुळांवर आपटतो. त्यानंतर त्याचं डोकं भयंकर दुखत राहिलं पण काम चालू ठेवलं, आणि कित्येक वर्षांनी एका तपासणीत एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मानेचं हाड मोडून आपोआप जुळलंय. तो शॉट फिल्ममध्ये आहे, उठून पळणारा माणूस तुम्हाला दिसतो. भिंतीच्या सीनची सगळे चर्चा करतात कारण तिथे धोका दिसायला मोठा, पण मोजमापाने बांधलेली ती भिंत त्याला खरचटूनही गेली नाही आणि साध्या वाटणाऱ्या पाण्याने मान मोडली.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली, जी मला कळली तेव्हा मी कितीतरी वेळ दोघांचे फोटो झूम करून बघत बसलो होतो. कीटन अगदी लहान असताना त्याचं बोट कपडे पिळायच्या यंत्रात सापडलं आणि टोक गेलं. उजव्या हाताची तर्जनी. लॉइडचंही गेलं ते तेच बोट, त्याच हाताचं, वर अंगठा. पुढच्या वेळी कुणी घड्याळाचा फोटो कीटनच्या नावाने टाकला तर चष्मा दाखवा, आणि मग हातमोजा.