लिंगभाव-न्याय

लिंगभावाशी (स्त्री, पुरुष वा तृतीयपंथी असण्याच्या सामाजिक अर्थाशी) निगडित कायदे व शासकीय धोरणे न्याय्य आहेत की नाहीत, हे नैतिक तत्त्वज्ञानातील न्यायसिद्धांतांच्या आधारे तपासण्याची विचारपद्धती. तिचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक जॉन स्ट्यूअर्ट मिल यांच्या स्त्रियांच्या पराधीनतेवरील १८६९ मधील निबंधापर्यंत मागे जातात. मराठीत ताराबाई शिंदे यांची स्त्रीपुरुषतुलना (१८८२) त्याच पंक्तीत बसते. पुरुषाला एक नियम आणि बाईला दुसरा का, हा तिचा प्रश्न मुळात न्यायाचाच आहे. तथापि सिद्धांत म्हणून ही चर्चा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या १९७१ मधील ग्रंथानंतर आकाराला आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

समाजातील आपले स्थान ठाऊक नसताना माणसे आपापसांत करार करून जी तत्त्वे स्वीकारतील ती न्याय्य, अशी रॉल्स यांची मांडणी आहे. परंतु १९७१ च्या ग्रंथात हा करार करणारे पक्ष त्यांनी बव्हंशी कुटुंबप्रमुख म्हणून कल्पिले होते. करार करताना ठाऊक नसलेल्या गोष्टींत लिंगाचाही समावेश होतो, हा खुलासा त्यांनी १९७५ मध्ये केला. स्त्रीवादी तत्त्वज्ञ सुझन मोलर ओकिन यांनी १९८९ मध्ये नेमके येथेच बोट ठेवले: मूल न्यायबुद्धी प्रथम घरात शिकते, तर घरातील श्रमविभागणी न्यायाच्या कक्षेबाहेर कशी राहील? १९९७ मध्ये रॉल्स यांनी कुटुंब हे समाजाच्या मूलभूत रचनेचा, म्हणजे प्रमुख संस्थांच्या व्यवस्थेचा, भाग असल्याचे पुन्हा सांगितले. न्यायतत्त्वे मात्र कुटुंबाच्या अंतर्गत व्यवहाराला थेट लागू न होता त्याला बाहेरून मर्यादा घालतात, असे म्हटले. या उत्तराने ओकिन यांचा आक्षेप पूर्णतः निवारला जात नाही.

वारसाहक्काच्या प्रश्नात न्यायसिद्धांतांमधील मतभेद स्पष्ट दिसतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला सहदायाद, म्हणजे कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतःच वाटा असलेली हिस्सेदार, केले. त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत हा भेद राहिला नाही. हा हक्क जन्मसिद्ध आहे, त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. कायद्यापुरती समता अशी साधली, तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात आणि सातबाऱ्यावर भावांचीच नावे उरतात. ‘माहेर तुटायला नको’ हे त्यामागचे नेहमीचे कारण. रॉबर्ट नोझिक यांच्या स्वामित्वसिद्धांतानुसार फसवणूक वा बळजबरी नसलेले हे हस्तांतरण न्याय्य ठरते. माणसाला प्रत्यक्षात काय करता येते यावरून न्याय जोखणारा अमर्त्य सेन व मार्था नुसबॉम यांचा क्षमतादृष्टिकोन मात्र विचारतो, की नाही म्हणण्याची खरी मुभा त्या बहिणीला होती का? दीर्घकाळ वंचित राहिलेली व्यक्ती आपल्या अपेक्षाच आखडून घेते, हे सेन यांचे निरीक्षण येथे तंतोतंत लागू पडते. म्हणून केवळ संमतीवर थांबणारे धोरण अपुरे मानावे लागते.

तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी संसाधनांच्या फेरवाटपाला सामाजिक मान्यतेची जोड दिली. तृतीयपंथीयांच्या संदर्भात ती महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांचा स्वतःचा लिंगभाव ठरवण्याचा हक्क मान्य केला; १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाची भाषा मात्र मुलगा आणि मुलगी या दोन शब्दांभोवतीच रचलेली आहे.