काडी खरं बोलली, गणित चुकलं

पेरणीच्या घाईत ट्रॅक्टरचा डिझेलचा काटा बंद पडला म्हणून यवतमाळकडचा कास्तकार वावरातलं काम थांबवत नाही. टाकीचं झाकण काढतो, पुसलेली तुराटी आत बुडवतो आणि ती कुठवर ओली झाली ते बघतो. ट्रॅक्टर धुऱ्यावर तिरपा उभा असेल तर एका बाजूला डिझेल जास्त दिसणार, हेही त्याला ठाऊक असतं.

दिल्लीहून हैदराबाद-चेन्नईकडे जाताना त्याच्या डोक्यावरून जी विमानं जातात, त्यांच्याकडेही अशीच सोय असते. विमानाच्या टाक्या बहुतेक पंखांतच असतात. पंखाच्या खालच्या बाजूने एक मोजकाठी बाहेर ओढता येते. आत इंधनावर लोहचुंबक असलेला तरंगता गोळा असतो. काठी त्या चुंबकाला अडकली की तिच्यावरचा आकडा वाचायचा, विमान किती कललेलं आहे ते पाहून दुरुस्ती करायची आणि तक्त्यातून इंधन काढायचं. कॉकपिटमधला इलेक्ट्रॉनिक काटा रुसला, तर ही काठी असते.

फरक इतकाच की कास्तकाराला लिटर कळले की पुरतं, वैमानिकाला किलो लागतात. इंजिनाला मिळणारी ऊर्जा इंधनाच्या वजनावर ठरते. एका किलोत ती जवळजवळ ठरलेली असते, लिटरमागे मात्र बदलते. नवतप्यात नागपूर-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. १५ अंशांना ज्या १०,००० लिटर इंधनाचं वजन ८,००० किलो भरेल, तेच इंधन ४५ अंशांवर फुगलेलं असेल तर १०,००० लिटरमध्ये दोनशे किलोंहून अधिक कमी भरतं. टँकर मोजतो लिटर, विमान उडतं किलोंवर. या दोघांमध्ये एक गुणाकार असतो, आणि माणसाची चूक बहुतेकदा तिथेच शिरते.

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधन मोजणाऱ्या यंत्रणेत आधीपासून बिघाड होता. एका तंत्रज्ञाने तिचा एक भाग बंद ठेवून काटे चालू केले होते. माँट्रियलला दुसऱ्याने तपासणीसाठी तो भाग पुन्हा सुरू केला आणि काम अर्धवट राहिलं. काटे कोरे पडले. मग मोजकाठ्या लावल्या.

काठ्यांनी बरोबर सांगितलं, टाकीत ७,६८२ लिटर आहेत. पुढे जायला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला ०.८०३ने गुणायचं होतं. गुणलं १.७७ने. हा आकडा लिटरचे पौंड करण्याचा. कंपनीची बाकी विमानं पौंडात मोजली जात आणि हे ७६७ मात्र किलोत; कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धत नुकती रुजत होती. गणित सांगू लागलं, टाकीत १३,५९७ किलो आहेत, अजून सुमारे ४,९१७ लिटर भरा. खरं तर २०,००० लिटरांहून जास्त भरायला हवं होतं. विमान निघालं तेव्हा त्यात साधारण १०,१०० किलो इंधन होतं, गरजेच्या निम्म्याहूनही कमी.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. कुणी तपासलंच नाही, असं झालं नाही. आकडेमोड एकाहून अधिक जणांनी पाहिली. ओटावाला उतरल्यावर पुन्हा काठ्या लावल्या, पुन्हा १.७७ने गुणलं आणि पुन्हा सगळं ठीक निघालं. विमानातल्या संगणकाला २२,३०० हा आकडा हाताने भरून दिला होता. तो बिचारा त्यातूनच खर्च वजा करत राहिला. म्हणजे तपासण्या तीन-चार, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच चुकीचा आकडा. आधीच्या मोठ्या विमानांत हा हिशेब फ्लाइट इंजिनिअर करायचा. ७६७ मधून ते पद गेलं आणि त्याचं काम नेमकं कुणाच्या गळ्यात पडलं, हे नीट ठरलेलंच नव्हतं.

४१,००० फुटांवर असताना इशारे सुरू झाले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हौसेने ग्लायडर उडवणारे निघाले, हे नशीबच म्हणायचं. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी विमान कॅनडातल्याच गिम्ली गावाजवळच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवलं. त्या धावपट्टीवर तेव्हा मोटार शर्यतीचा कार्यक्रम होता. विमानातल्या ६९ जणांपैकी कुणाचाही जीव गेला नाही.

आज इंधन भरल्यावर कागदावर तीन आकडे जुळवतात. भरण्याआधी काट्यावर किती होतं, टँकरच्या मीटरने किती लिटर दिले आणि त्यांचं त्या दिवशीच्या घनतेनुसार वजन किती झालं, आणि भरल्यावर काटा किती दाखवतो. काटा आणि टँकरचं मीटर एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणूनच त्यांची साक्ष जुळली तर तिला किंमत. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला, तर कारण सापडेपर्यंत विमान हलवायचं नाही.

पण फरक दिसला, तरी माणूस त्याला गोडसं कारण शोधून देतो. ऑगस्ट २००५ मध्ये ट्युनिशियाच्या ट्युनिंटर कंपनीच्या एटीआर-७२ विमानात इंधनाचा काटा बदलला आणि चुकून धाकट्या एटीआर-४२ चा बसवला. दोन्ही त्याच खाचेत बसत. नवा काटा इंधन भरपूर दाखवू लागला. नोंदीपेक्षा इंधन जास्त दिसतंय, हे कॅप्टनच्या लक्षात आलं. कुणीतरी भरून ठेवलं असेल, असं धरलं गेलं. भरल्याची पावती मात्र सापडत नव्हती. ६ ऑगस्टला त्या विमानाचं इंधन हवेतच संपलं आणि ते सिसिलीजवळ समुद्रात उतरवावं लागलं. ३९ पैकी १६ जण गेले.

इंधन संपत आल्याचा इशारा त्या विमानात होता, पण तो वाजला नाही. तो त्याच चुकीच्या काट्याच्या आकड्यावर चालत होता. इटलीच्या चौकशी समितीने मग शिफारस केली की हा इशारा काट्यावर अवलंबून न ठेवता टाकीतल्या वेगळ्या संवेदकावर चालावा.