लघू सपाट मेटामटेरियल अँटेना : बँडविड्थ आणि गेन

छापील पाटीवर तांब्याचे छोटे आकार ठरावीक अंतराने मांडून नैसर्गिक द्रव्यात न आढळणारे विद्युतचुंबकीय गुण निर्माण करणारी रचना म्हणजे मेटामटेरियल. अशा रचनेच्या आधारे तरंगलांबीच्या मानाने बराच लहान केलेला चपटा अँटेना म्हणजे लघू सपाट मेटामटेरियल अँटेना. तो नीट चालतो तो वारंवारतांचा पट्टा म्हणजे त्याची बँडविड्थ, आणि ठरावीक दिशेला तो किती जोराने प्रक्षेपण करतो त्याचे माप म्हणजे गेन. सोलापुरी चादरीत सूत तेच असते, जेकार्डवर मांडणी बदलली की नक्षी बदलते. इथेही तांबे तेच, गुण मांडणीतून येतो. या कल्पनेचा सैद्धांतिक पाया भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो यांनी १९६७ मध्ये घातला, जॉन पेंड्री यांनी १९९९ मध्ये फट ठेवलेल्या धातूच्या कड्यांची रचना सुचवली. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८९८ मध्ये, जगदीशचंद्र बोस यांनी पीळ दिलेल्या तागातून विद्युतचुंबकीय लहरींचे ध्रुवण (कंपनाची दिशा) फिरवून दाखवले होते, म्हणजे गुण रचनेतूनच मिळवला होता, हे आवर्जून सांगायला हवे.

सोलापूर जिल्ह्यात हा विषय डाळिंबाच्या बागेपर्यंत पोहोचतो. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे, आणि सांगोल्याकडच्या बागांत ठिबकचे पाणी जपून द्यावे लागते. जमिनीतल्या ओलाव्याचा सेन्सर बिनतारी संदेश पाठवणार असेल, तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. तिथे तरंगलांबी सुमारे ३५ सेंमी. एफआर-४ या काचतंतू आणि इपॉक्सीच्या स्वस्त पाटीवरचा साधा पॅच अँटेना (तांब्याचा एक आयताकृती तुकडा) त्यासाठी ८ सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद होतो. सेन्सरच्या डबीत तो मावत नाही.

आकार घटवण्याची किंमत मात्र चुकवावीच लागते. हॅरॉल्ड व्हीलर (१९४७) आणि एल. जे. चू (१९४८) यांनी ही मर्यादा दाखवून दिली : फार लहान अँटेना आणखी निम्मा केला की शक्य असलेली बँडविड्थ जवळपास आठपट घटते. मेटामटेरियलने ही मर्यादा मोडत नाही. हाती असलेल्या जागेचा वापर अधिक चांगला होतो, एवढेच. अरुंद बँडविड्थ प्रत्यक्षात जाचक ठरते. एफआर-४चा परावैद्युतांक (पाटीत लहर किती आखूड होते हे ठरवणारा आकडा) ४.२ ते ४.६ असा कुठेही असू शकतो. तेवढ्या फरकाने वाय-फायच्या पट्ट्यातला, २.४५ गिगाहर्ट्झचा पॅच दोन्ही बाजूंना पन्नासेक मेगाहर्ट्झ सरकतो, आणि त्याची स्वतःची बँडविड्थच जेमतेम दोन-तीन टक्के असते.

बँडविड्थ वाढवण्याचा परिणामकारक मार्ग संमिश्र उजव्या-डाव्या प्रेषणरेषेतून, म्हणजे नेहमीच्या रेषेत एकसर धारक आणि समांतर प्रेरक घालून केलेल्या रेषेतून, जातो. तिच्या शून्य क्रमाच्या अनुनादाची (ज्यात रेषेभर लहरीची कला सारखीच असते) वारंवारता लांबीवर नव्हे, तर रेषेतल्या प्रत्येक एककातील प्रेरकत्व आणि धारकत्वावर ठरते. समांतर प्रेरकत्व वाढवून समांतर धारकत्व कमी केले की पट्टा रुंदावतो. म्हणून खाली सलग जमीनपट्टी (तांब्याचा थर) नसलेली सहप्रतलीय फीड, म्हणजे जमीन शेजारी त्याच पृष्ठावर असलेली पुरवठ्याची रेषा, इथे सोयीची पडते. शून्य आणि पहिल्या क्रमाचे अनुनाद शेजारी आणून जोडण्याची युक्तीही रूढ आहे. जमीनपट्टीत फटीच्या कडीच्या आकाराची खाच (पूरक फट-कडी) कोरल्याने आकार झपाट्याने घटतो, पण किरणोत्सर्ग मागच्या बाजूला गळतो आणि गेन पडतो.

गेनसाठी अँटेनामागे कृत्रिम चुंबकीय वाहक पृष्ठ ठेवतात. साध्या धातूच्या परावर्तकाला पाव तरंगलांबीचे, २.४५ गिगाहर्ट्झला सुमारे ३ सेंमीचे अंतर लागते. या पृष्ठावरून लहर समकलेत (कला न उलटता) परतत असल्याने काही मिलिमीटर पुरतात. अँटेनावर शून्याजवळ अपवर्तनांक असलेला थर ठेवला, तर किरणे थराला लंब दिशेने बाहेर पडतात आणि गेन ठळकपणे वाढतो. मात्र हा थर साधारण अर्ध्या तरंगलांबीवर ठेवावा लागत असेल, तर अशा अँटेनाला लघू म्हणणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

बँडविड्थचा आकडा एकटा कधीच वाचू नये. तो परावर्तनावरून मोजतात : परावर्तन उणे १० डेसिबल म्हणजे ९० टक्के शक्ती अँटेनाने घेतली. ती बाहेर पडली की पाटीतच उष्णता होऊन विरली, हे त्यातून कळत नाही. ५० ओहमचा रोधकही नेटवर्क अॅनालायझरवर (परावर्तन मोजणाऱ्या यंत्रावर) अतिशय रुंद पट्टा दाखवतो, पण तो प्रक्षेपण करत नाही. एफआर-४चा हानिगुणक (पाटीत शक्ती किती विरते त्याचे माप) सुमारे ०.०२, तर आरटी ड्युरॉइड ५८८० या महागड्या पाटीचा ०.०००९. म्हणून स्वस्त पाटीवरची वाढीव बँडविड्थ कार्यक्षमतेच्या मापनाशिवाय मान्य करू नये. अँटेना लहान असेल, तर मापनाच्या केबलवरूनही प्रवाह वाहतो आणि केबलच अँटेनाचे काम करू लागते. तिच्यावर फेराइटचे मणी चढवून मापन पुन्हा घ्यावे.