रिपोर्टमधला केआय-६७ चा आकडा कसा वाचावा

स्तनाच्या गाठीचा रिपोर्ट हातात पडला की बरेचजण एकाच ओळीवर अडतात: 'केआय-६७ : २२%'. मग फोन येतो, "म्हणजे कॅन्सर २२ टक्के पसरलाय का?" नाही. कॅन्सर किती पसरलाय ते स्टेजवरून कळतं. गाठीचा आकार, काखेतल्या ग्रंथी आणि इतर अवयव पाहून स्टेज ठरते. केआय-६७ वरून कळतं ते एवढंच, की गाठीतल्या किती पेशी सध्या वाढीच्या कामाला लागल्या आहेत.

हे पेशीच्या केंद्रकातलं एक प्रथिन आहे. पेशी विभाजनाच्या चक्रात असेपर्यंत ते सापडतं, पेशी विसावली की सापडत नाही. गाठीच्या अगदी पातळ कापावर प्रयोगशाळेत आम्ही या प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी घालतो. चक्रातल्या पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात, बाकीची निळी. मग पॅथॉलॉजिस्ट (नमुने तपासणारे डॉक्टर) सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या निदान ५०० पेशी मोजतात. शंभरात बावीस तपकिरी निघाल्या, तर २२%. (नाव विचित्र वाटतं खरं. मूळची अँटीबॉडी जर्मनीतल्या कील शहरात तयार झाली आणि १९८३ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. 'केआय' कीलवरून आलं आणि ६७ हा प्रयोगाच्या तबकातल्या खळग्याचा क्रमांक.)

वाढीचा वेग पाहायची जुनी रीतही रिपोर्टमध्ये असते, ती म्हणजे ग्रेड. तिच्या तीन गुणांपैकी एक गुण प्रत्यक्ष विभागताना दिसणाऱ्या पेशी मोजून देतात. ग्रेड १ (म्हणजे सर्वात संथ) आणि केआय-६७ मात्र ४०%, अशी जोडी दिसली तर आम्ही स्लाइड पुन्हा पाहतो. तुम्हीही बेलाशक विचारा.

आकडा मोठा म्हणजे वाईटच का?

सरासरीने पाहिलं तर मोठ्या आकड्याच्या गाठी पुन्हा उद्भवण्याची शक्यता जास्त असते. पण केमोचा मारा विभागणाऱ्या पेशींवरच जास्त बसतो, म्हणून अशा गाठी केमोला प्रतिसादही अनेकदा चांगला देतात. ही दुसरी बाजू इंटरनेटवर शोधताना सहसा नजरेतून सुटते.

या आकड्याचा खरा उपयोग सुरुवातीच्या टप्प्यातल्या, ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणाऱ्या) आणि हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेल्या) गाठींमध्ये होतो. तिथे प्रश्न असतो, हार्मोनच्या (म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या) गोळ्यांवर भागेल की केमोही लागेल? या तपासणीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये सांगितलं, की ५% किंवा त्याखाली आणि ३०% किंवा त्यावर असेल तरच या आकड्यावर भिस्त ठेवावी. मधल्या पट्ट्यात तो एकटा निर्णयाला पुरत नाही. त्याआधी कुठे १४%, कुठे २०% अशा सीमारेषा वापरात होत्या. जुन्या लेखांत त्या अजून भेटतात. मधल्या पट्ट्यातल्या रुग्णांना डॉक्टर कधी कधी अनेक जनुकं एकत्र तपासणारी चाचणी सुचवतात. तिच्यातही पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकांना बरंच वजन असतं. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, प्रोजेस्टेरॉन हार्मोनशी संबंधित पीआर आणि हर-टू, तिन्ही निगेटिव्ह) गाठींचे उपचार मात्र मुख्यतः इतर गोष्टींवरून ठरतात.

एका ठिकाणी १८ आणि दुसरीकडे २३ आला, तर घाबरून जाऊ नका. गाठीचा कोणता भाग मोजला, कोणती अँटीबॉडी वापरली, फिकट तपकिरी पेशी धरली की सोडली, एवढ्यानेही फरक पडतो. तुकडा शरीराबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या तासात काय होतं, त्यानेही फरक पडतो. तेवढ्या वेळात तो फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) गेला पाहिजे आणि ६ ते ७२ तास त्यात राहिला पाहिजे. उशीर झाला तर आकडा खोटाच कमी येऊ शकतो. म्हणून नमुना आणणाऱ्या नातेवाइकांना आमचा आग्रह असतो: डबीवर तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिली आहे ना, ते बघूनच दवाखान्यातून निघा. नमुना सलाईनमध्ये किंवा कोरडा आणू नका.

दुसरं मत घ्यायचं असेल तर पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. बरेच दिवस कापून ठेवलेल्या, न रंगवलेल्या स्लाइडवर रंग फिका येऊ शकतो. ईआर, पीआर, हर-टू, ग्रेड आणि काखेतल्या ग्रंथींचा रिपोर्टही सोबत असू द्या. शस्त्रक्रियेआधी हार्मोनच्या गोळ्या सुरू असतील तर तपासणीच्या अर्जावर तसं ठळक लिहा. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनीही हा आकडा खाली येऊ शकतो. तो खाली येणं हे औषध लागू पडत असल्याचं चिन्ह असतं, पण आधीचा आकडा समोर नसेल तर ते आम्हाला ओळखता येणार नाही.