काचघरातलं रबर आणि दारातलं रबर

लंडनला पोरांकडं जाऊन आलेली आपल्याकडची माणसं तिथल्या क्यू नावाच्या वनस्पती-बागेतलं ते जुनं काचघर हमखास बघून येतात आणि आल्यावर म्हणतात, रबराचं झाड म्हणून दाखवलं ते आपलं नव्हतंच, त्याला एका देठाला तीन-तीन पानं होती. बरोबर आहे. आपल्या डोळ्यासमोर असतं ते कोल्हापुरात राजारामपुरीत बंगल्याच्या दारात कुंडीतलं, जाड चकचकीत पानाचं, नव्या पानावर लालसर टोपण असलेलं.

ही दोन झाडं सख्खी सोडाच, चुलतसुद्धा नाहीत. कुंडीतलं वड-उंबराच्या कुळातलं, मूळचं ईशान्येकडचं, मेघालयात मुळं विणून जिवंत पूल करतात ते याचेच. काचघरातलं ॲमेझॉनचं आणि एरंडाच्या कुळातलं, फळाला तसेच तीन कप्पे, बी पण तसंच ठिपक्यांचं, फक्त एरंडीपेक्षा बरंच मोठं.

आता कुंडीतल्याला बरेच जण ‘शोभेचं, खोटं रबर’ म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आसामच्या जंगलातनं याच झाडाच्या चिकाचं रबर विकलं जायचं, आणि १८७३ च्या सुमारास तिथल्याच चारद्वारला सरकारनं त्याची मुद्दाम लागवड केली. म्हणजे ॲमेझॉनचं बी आशियात यायच्या आधीच आपलं झाड रबराचं होतं. मागं पडलं ते वेळेमुळं, ते चिकावर यायला फार वर्षं घेतं आणि ॲमेझॉनचं सहा-सात वर्षांत तयार होऊन पुढं कित्येक वर्षं परत परत काप सोसतं.

ते ॲमेझॉनचं बी १८७६ ला एका इंग्रजानं ब्राझीलमधनं क्यूच्या बागेत नेलं, सुमारे ७०,००० बिया. चोरी म्हणतात, पण तेव्हा तिथं बंदीचा कायदा नव्हता. तेलकट बी, लवकर मरतं, घाईनं काचघरात पेरूनही २,७०० च्या आसपासच उगवल्या. रोपं सिलोनला, मग सिंगापूरला, आणि १९०२ पासनं केरळात मळे.

आता ते आपल्या शेजारी आलंय. चंदगडवरनं तिलारी घाट उतरला की दोडामार्ग, तिथं केरळच्या शेतकऱ्यांनी जमिनी घेऊन रबर लावलंय. सरळ रांगा, प्रत्येक खोडाला तिरकी खाच, खाली बांधलेली वाटी, पावसाळ्यात खाचेवर प्लास्टिकचा झगा. जंगल तोडून एकाच जातीची झाडं लावली म्हणून गावकऱ्यांची तक्रार आहे आणि ती रास्तच आहे, तो हत्तींच्या आणि वाघांच्या वाटेचा पट्टा आहे. बघायला जायचं तर पहाटे जावा, ऊन चढलं की चीक आटतो.