होल्डन एफजे

होल्डन एफजे : जनरल मोटर्स-होल्डन कंपनीने ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर १९५३ ते १९५६ या काळात बनवलेली चार दारी कौटुंबिक मोटार. १९४८ च्या अखेरीस आलेल्या ‘४८-२१५’ या पहिल्या होल्डनची ही सुधारित आवृत्ती असून, यांत्रिकदृष्ट्या दोहोंत फारसा फरक नाही. मागच्या गोल उंचवट्यामुळे दोन्ही गाड्या ‘हम्पी होल्डन’ म्हणून ओळखल्या जातात. पहिल्या गाडीसाठी रूढ असलेले ‘एफएक्स’ हे नाव कंपनीचे नसून मागाहून चिकटलेले आहे. एफजेच्या सुमारे १,७०,००० गाड्या बनल्या. आधीच्या ४८-२१५ च्या सुमारे १,२०,०००.

कंपनीचे मूळ ॲडिलेड येथील जेम्स अलेक्झांडर होल्डन यांच्या घोड्यांच्या खोगिरांच्या व्यवसायात आहे. स्थापनेचे वर्ष काही ठिकाणी १८५२, तर काही ठिकाणी १८५६ असे दिले जाते. १८५२ हे होल्डन यांच्या ऑस्ट्रेलियातील आगमनाचे वर्ष असल्याने पेढीसाठी १८५६ हेच अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या महायुद्धानंतर हा व्यवसाय मोटारींची बॉडी बांधण्याकडे वळला आणि १९३१ मध्ये जनरल मोटर्सच्या ऑस्ट्रेलियन शाखेत विलीन झाला. गाडीचे नाव सर एडवर्ड होल्डन यांच्या स्मरणार्थ ठेवले गेले. त्याआधी ‘कॅनब्रा’ या नावाचाही विचार झाला होता.

आराखडा कोणाचा : एफजेविषयीच्या लेखनात सर्वाधिक वाद याच प्रश्नावर आहे. १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने संपूर्ण मोटार देशातच बनवण्याचे प्रस्ताव मोटार कंपन्यांकडून मागवले. जनरल मोटर्स-होल्डनचे व्यवस्थापकीय संचालक लॉरेन्स हार्टनेट यांनी ही संधी उचलून धरली. अमेरिकेत डेट्रॉइट येथील जनरल मोटर्सची मुख्य कचेरी भांडवल देण्यास राजी नसल्याने पैसा प्रामुख्याने ऑस्ट्रेलियन बँकांच्या कर्जातून उभा राहिला. हार्टनेट यांना गाडीचे रूपही ऑस्ट्रेलियात ठरावे असे वाटत होते. पण डेट्रॉइटने ते मानले नाही. शेव्हरोलेसाठी आखलेल्या आणि नंतर बाजूला पडलेल्या एका हलक्या गाडीचा आराखडा पुढे आला. त्यावरून १९४६ मध्ये अमेरिकेत तीन नमुना गाड्या हाताने बांधल्या गेल्या. डेट्रॉइटला गेलेले काही ऑस्ट्रेलियन अभियंते या कामात सहभागी होते. पुढे हे नमुने ऑस्ट्रेलियात आणून तेथील रस्त्यांवर चालवून पाहिले गेले. याच सुमारास हार्टनेट कंपनीतून बाहेर पडले.

एका मतानुसार हार्टनेट हेच होल्डनचे जनक होत. त्यांच्या आत्मचरित्राने या मताला बळ दिले. दुसऱ्या मतानुसार ही मुळात लहान आकाराची अमेरिकन गाडीच होती आणि ‘ऑस्ट्रेलियाची स्वतःची मोटार’ ही जाहिरातीची भाषा होती. नमुना गाड्यांचा इतिहास पाहता सांगाड्याच्या आणि घाटाच्या बाबतीत दुसरे मत अधिक टिकते. मात्र इंजिनाच्या ओतकामापासून बॉडीच्या पत्र्यापर्यंतचे काम देशात करवून घेणे हा वेगळा पराक्रम होता, आणि त्या बाबतीत पहिले मतच अधिक टिकते. खुद्द हार्टनेट यांनी नंतर फ्रेंच आराखड्यावर स्वतःच्या नावाची छोटी गाडी काढण्याचा प्रयत्न केला. पत्र्याच्या बॉडीचा पुरवठा न झाल्याने तो फसला.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी मेलबर्नजवळील फिशरमन्स बेंड येथे पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या हस्ते पहिल्या होल्डनचे अनावरण झाले. तिची किंमत करासह सुमारे ७३३ पौंड होती. म्हणजे सामान्य कामगाराला पावणेदोन-दोन वर्षांचा पगार मोजावा लागे. तरीही मागणीची यादी लांबत गेली. भारतीय वाचकाला येथे एक तुलना सुचते. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून जुळणीचा कारखाना होता. देशातच टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याची अट भारत सरकारने घातल्यावर कंपनीने १९५४ मध्ये तेथून काढता पाय घेतला. जवळपास त्याच स्वरूपाच्या सरकारी आग्रहातून ऑस्ट्रेलियात मात्र होल्डन जन्मली.

रचना : वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नसलेली एकसंध बांधणी हे या गाडीचे मुख्य वैशिष्ट्य. त्यामुळे सहा जणांना पुरेल एवढी जागा असूनही वजन एक टनाच्या आसपासच राहिले. चाकांच्या आसांतील अंतर १०३ इंच. इंजिन सरळ रांगेतील सहा सिलिंडरचे, १३२.५ घन इंच म्हणजे सुमारे २.१७ लिटर क्षमतेचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. करड्या रंगामुळे त्याला ‘ग्रे मोटर’ म्हणत. सिलिंडरचा व्यास ३ इंच आणि दट्ट्याची धाव ३.१२५ इंच. व्यास आणि धाव अशी जवळपास सारखी होती. इंजिन सावकाश आणि तक्रार न करता ओढत असे. तीन गिअर होते आणि त्यांचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता. पुढे वेटोळ्या स्प्रिंगा, मागे कमानपाटे. वीजयंत्रणा ६ व्होल्टची असून १२ व्होल्ट पुढच्या एफई मॉडेलमध्ये आले. थोड्याफार बदलांनी हेच इंजिन १९६३ पर्यंत चालले.

गाडीच्या लोकप्रियतेची किल्ली या आकड्यांतच आहे. स्पर्धेतल्या ब्रिटिश गाड्या बहुधा लहान इंजिनाच्या होत्या आणि इंग्लंडमधील कररचना व आखूड प्रवास डोळ्यांपुढे ठेवून घडल्या होत्या. मोठ्या अमेरिकन गाड्या दणकट होत्या. पण डॉलरच्या टंचाईमुळे दुर्मीळ आणि महाग. होल्डन नेमकी या दोहोंच्या मधल्या जागेत बसली. खडीच्या कच्च्या रस्त्यावर पुरेशी उंची, बऱ्यापैकी धूळरोधक बॉडी, चढावरही वरच्या गिअरमध्ये राहणारे इंजिन, आणि गावोगावच्या गॅरेजात मिळणारे सुटे भाग. फेब्रुवारी १९५० मध्ये पेट्रोलचे रेशनिंग उठले होते आणि शहरांभोवती नवी उपनगरे पसरत होती. अशा घराला जी गाडी हवी होती ती हीच. दोषही होते. मागचा भाग हलका असल्याने रिकामी गाडी निसरड्या वळणावर मागून घसरे. हा दोष गाडीच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही.

एफजेमध्ये बदल मुख्यतः दर्शनी होते : नवी भरदार क्रोम जाळी, बंपर, चाकांच्या टोप्या आणि आतील सजावट. साधी ‘स्टँडर्ड’, टॅक्सी व व्यावसायिक वापरासाठीची ‘बिझनेस’ आणि अधिक क्रोमची ‘स्पेशल’ असे तिचे प्रकार होते. यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी आधीपासूनच होती. बंद पॅनल व्हॅन एफजेबरोबर आली. या मालवाहू प्रकारांचे उत्पादन एफई सेदान आल्यावरही काही काळ सुरू राहिले असे दिसते. १९५४ पासून न्यूझीलंडला निर्यात सुरू झाली. दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक होल्डन होत्या.

उत्पादन थांबल्यावर जुन्या एफजे स्वस्त झाल्या आणि तरुणांच्या, तसेच शर्यतीच्या हौशी चालकांच्या हाती गेल्या. ग्रे मोटरची ताकद वाढवण्यासाठी अभियंते फिल अर्व्हिंग यांनी आखलेले, सुटे भाग बनवणाऱ्या रेप्को कंपनीचे सिलिंडर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) या काळातले. मूळ अवस्थेतील गाड्यांना आज संग्राहकांत मोठी मागणी आहे. १९४६ च्या नमुन्यांपैकी पहिली गाडी कॅनबरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. होल्डनचे ऑस्ट्रेलियातील उत्पादन २० ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. हे नावच बाजारातून मागे घेण्याचा निर्णय जनरल मोटर्सने २०२० मध्ये जाहीर केला.